भूल आणि बधिरता : दोन हातांचा एक इतिहास

शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला जे दिले जाते त्याला मराठीत 'भूल' म्हणतात. हा शब्द आधुनिक वैद्यकापेक्षा पुष्कळ जुना आहे. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली प्रथम प्रसिद्ध झाला, तेव्हा ईथरच्या पहिल्या जाहीर प्रयोगाला अजून पंधरा वर्षे अवकाश होता. भूल मात्र भाषेत केव्हाच रुळलेली होती. विसर, चूक, मोह, चकवा असे तिचे अर्थ. रानात वाट हरवलेल्याला भूल पडते, रूप पाहून मनाला भूल पडते आणि हिशेबाच्या कागदाखाली 'चूकभूल द्यावी घ्यावी' असे लिहिले जाते. ईथर आणि क्लोरोफॉर्म इकडे आले तेव्हा मराठीने त्यांच्या कार्यासाठी हाच शब्द पुढे केला.

दुसरा शब्द 'बधिर'. संस्कृतात बधिर म्हणजे ज्याला ऐकू येत नाही तो. मराठीत या शब्दाचे क्षेत्र कानापुरते राहिले नाही. हात बधिर होतो, ओठ बधिर होतो, दुःखाने मनही बधिर होते. लोकव्यवहारात 'पूर्ण भूल' आणि 'अर्धी भूल' असे म्हणून दोन्ही गोष्टी एकाच शब्दाखाली घातल्या जातात हे खरे. तरीही या दोन शब्दांतला मूळ भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. भूल माणसाला पडते, बधिरता अवयवाला येते. शस्त्रक्रियेतील वेदनाशमनाचा इतिहास या दोन वाटांनी झाला आहे, आणि पहिल्या वाटेचाच इतिहास आपल्याला थोडाफार सांगितला जातो. प्रस्तुत लेखात आम्ही दुसऱ्या वाटेचा मागोवा घेत आहोत, आणि तोही तिच्या एका अवघड वळणापाशी थांबून. एकाच वेळी दोन्ही हातांवर शस्त्रक्रिया करायची असेल तर काय करायचे, हा तो प्रश्न. साहित्याच्या अभ्यासकांनी या प्रश्नात का पडावे, याचे उत्तर लेखाच्या ओघात यावे अशी अपेक्षा आहे.

मोह पाडणारे चूर्ण

सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्मापूर्वी रुग्णाला भोजन द्यावे आणि मद्य पिणाऱ्याला तीव्र मद्य पाजावे, म्हणजे शस्त्राची वेदना जाणवणार नाही, असा उपदेश आहे. बल्लाळाच्या 'भोजप्रबंधा'त राजा भोजाच्या मस्तकावरील शस्त्रक्रियेची कथा येते. तेथे वैद्य राजाला मोह पाडणारे चूर्ण देतात आणि काम झाल्यावर दुसऱ्या औषधाने त्याला शुद्धीवर आणतात. ही कथा इतिहास म्हणून वाचण्याचे कारण नाही, पण तिच्यातली कल्पना लक्षणीय आहे. शरीर कापायचे तर शरीराच्या मालकाला काही काळ दूर पाठवले पाहिजे, ही ती कल्पना होय.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टन येथे विल्यम मॉर्टन यांनी ईथरचा जाहीर प्रयोग केला आणि ही कल्पना शास्त्र झाली. पुढच्याच वर्षी, मार्च १८४७ मध्ये, कलकत्त्यात ईथर वापरले गेले. क्लोरोफॉर्म त्यापाठोपाठ आले, आणि त्याबरोबर टेबलावरच होणारे आकस्मिक मृत्यूही आले. क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो की हृदय, हा वाद सोडवण्यासाठी निजामाच्या हैदराबादेत एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने १८८८ आणि १८८९ मध्ये दोन आयोग बसले. जगातील पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांपैकी एक मानल्या जाणाऱ्या रूपाबाई फर्दुनजी याच हैदराबादेतल्या. या आयोगांचे सर्व निष्कर्ष पुढे टिकले नाहीत. भूल ही श्वासाशी आणि हृदयाशी केलेली देवघेव आहे, एवढे मात्र त्यांच्यामुळे ठळकपणे पुढे आले.

मुंग्या आल्या का?

हैदराबादेतील आयोगांच्या काही वर्षे आधी व्हिएन्नात दुसरी वाट उघडली होती. कार्ल कोलर या तरुण वैद्याने १८८४ साली कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करता येतो हे दाखवून दिले. रुग्ण जागा होता, बोलत होता, आणि त्याच्या डोळ्यावर शस्त्र चालत होते. लगोलग न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉल्स्टेड यांनी तेच द्रव्य थेट चेतातंतूंवर वापरून पाहिले. मानेपासून निघून खांद्याखालून हातात उतरणाऱ्या चेतातंतूंचे एक जाळे असते. त्याला आपण बाहुजाल म्हणू. हॉल्स्टेड यांनी त्वचा उघडून, ते तंतू डोळ्यांनी पाहून त्यांवर कोकेन सोडले आणि हात बधिर झाला. या प्रयोगांत स्वतःवर कोकेन वापरता वापरता हॉल्स्टेड त्याच्या व्यसनात सापडले, आणि त्याची सावली त्यांच्यावर आयुष्यभर राहिली.

हात बधिर करण्यासाठी आधी मान उघडायची, ही पद्धत अर्थातच चालण्यासारखी नव्हती. १९११ मध्ये जर्मनीत गेऑर्ग हिर्शेल यांनी काखेतून आणि डीट्रिख कुलेनकाम्फ यांनी गळपट्टीच्या हाडावरून, त्वचा न उघडता, केवळ सुईने बाहुजालापर्यंत पोहोचण्याच्या रीती सांगितल्या. कुलेनकाम्फ यांनी आपली रीत प्रथम स्वतःवर करून पाहिली. कोकेनच्या जागी तोवर प्रोकेन आले होते. पुढे १९४३ मध्ये स्वीडनमध्ये लिग्नोकेन तयार झाले. ते आपल्याकडे दाताच्या दवाखान्यापर्यंत 'झायलोकेन' या नावाने सर्वांच्या परिचयाचे आहे.

पण सुई आता आंधळी झाली होती. ती चेतातंतूपाशी पोहोचली हे कळायचे कसे? रुग्णाला विचारून. सुईचा स्पर्श तंतूला झाला की बोटांत झिणझिण्या येतात, आणि त्या आल्या असे रुग्णाने सांगितले की औषध सोडायचे. मुंग्या नाहीत तर बधिरता नाही, अशा आशयाचे एक सूत्र अमेरिकी भूलतज्ज्ञ डॅनियल मूर यांच्या नावाशी जोडले गेले आहे. पुढे विजेच्या सौम्य झटक्याने स्नायू हलतो का हे पाहणारे छोटे यंत्र आले आणि ही मदार कमी झाली. तोवरची कित्येक दशके रुग्णाचा शब्द हेच सुईचे होकायंत्र होते.

भाषेच्या विद्यार्थ्याने येथे क्षणभर थांबावे. 'मुंग्या आल्या का?' या प्रश्नाचे उत्तर अचूक येण्यासाठी विचारणाऱ्याची आणि सांगणाऱ्याची भाषा एक असावी लागते. आमच्या पालघर जिल्ह्यात वारली, कातकरी, मांगेली, वाडवळी आणि गुजराती या बोली-भाषा एकमेकींना खेटून नांदतात. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेला कामगार आहे. मराठीत ज्या 'झिणझिण्या' त्या त्याच्या बोलीत 'झुनझुनी'. हा फरक लहान आहे. पण सुई मानेत असताना 'मुंग्या' म्हणजे नेमके काय, हे ज्याला कळलेले नाही त्याचे 'हो' आणि 'नाही' दोन्ही धोक्याचे.

दोन हातांचे गणित

एक हात बधिर करणे ही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरावाची गोष्ट झाली. दोन्ही हात एकाच वेळी बधिर करण्याचे मात्र पाठ्यपुस्तके टाळायला सांगत आली. त्याची कारणे तीन.

पहिले कारण श्वासाचे. मानेच्या ज्या भागातून बाहुजाल निघते, तेथूनच छाती आणि पोट यांमधल्या श्वासपटलाकडे जाणारी नस उतरते. मानेतून हात बधिर केला की त्या बाजूचे श्वासपटलही बहुधा लुळे पडते. १९९१ मध्ये विल्यम अर्मी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सोनोग्राफीच्या साहाय्याने दाखवून दिले की त्या काळच्या रीतीने व मात्रेने हे जवळजवळ प्रत्येक रुग्णात घडते. एका बाजूचे पटल थांबले तर धडधाकट माणूस दुसऱ्यावर निभावून नेतो. दोन्ही थांबली तर जाग्या माणसाचा श्वास कोंडतो. दुसरे कारण फुप्फुसाचे. गळपट्टीच्या हाडाखाली फुप्फुसाचे टोक अगदी जवळ असते. आंधळ्या सुईने ते टोचले जाण्याची भीती एका बाजूला असते तेवढीच दुसऱ्या बाजूलाही असते, आणि दोन्हीकडे तसे झाले तर प्राणावर बेतते.

तिसरे कारण निव्वळ अंकगणिताचे. ब्युपिव्हाकेन हे दीर्घकाळ टिकणारे औषध शरीराच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारणतः अडीच मिलिग्रॅमच्या पलीकडे देऊ नये असा संकेत आहे. पन्नास किलोच्या कामगाराला ते सव्वाशे मिलिग्रॅम चालते. अर्धा टक्का तीव्रतेच्या द्रावात हे पंचवीस मिलिलिटर होतात. आंधळ्या पद्धतीत एकाच हाताला तीस-चाळीस मिलिलिटर द्राव लागत असे. म्हणजे पहिल्या हातातच शिधा संपला. मात्रा ओलांडली तर औषध रक्तात उतरून आधी मेंदूला, मग हृदयाला धक्का देते. १९७९ मध्ये जॉर्ज अल्ब्राइट यांनी अशा हृदयबंद पडण्याच्या घटनांकडे भूलतज्ज्ञांचे लक्ष वेधले. त्यावरचा उतारा म्हणून शिरेतून स्निग्ध द्राव देण्याची रीत माणसांत यशस्वी झाल्याचे वृत्तांत यायला २००६ साल उजाडले.

या तीन कारणांमुळे दोन्ही हातांचा रुग्ण आला की उत्तर ठरलेले असे : पूर्ण भूल. दुसरी वाट दोन हातांपाशी येऊन पहिल्या वाटेला मिळत असे.

हातावरचे पोट

दोन्ही हात एकदम जायबंदी होणे ही विरळा घटना आहे, असे पुस्तकी वाचनाने वाटेल. बोईसर-तारापूरच्या पट्ट्यात तसे म्हणवत नाही. १९६९ मध्ये देशातील पहिले अणुवीज केंद्र तारापूरला सुरू झाले. त्याच्या शेजारी रसायने, औषधे, कापड, पोलाद यांची औद्योगिक वसाहत वाढत गेली. ११ जानेवारी २०२० रोजी कोळवडे येथील कारखान्यात झालेल्या स्फोटासारख्या घटना बातम्यांत येतात. एरवीच्या इजांना बातमीचे मोल नसते. रोलरमध्ये एक हात ओढला गेला की तो सोडवायला दुसरा हात धावतो आणि तोही सापडतो. वाफ किंवा आम्ल अंगावर आले की तोंड झाकायला दोन्ही हात वर जातात. इमारतीच्या पराचीवरून किंवा ताडाच्या झाडावरून पडणारा माणूस दोन्ही तळवे जमिनीकडे करतो आणि दोन्ही मनगटे मोडून घेतो. शरीराला वाचवायला हातच पुढे होतात, म्हणून दोन्ही एकदम जातात.

या जिल्ह्यात हात म्हणजे काय, हे आम्ही वेगळे सांगायला नको. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी बांबूच्या काडीने आणि तांदळाच्या पिठीने वारली चित्रकला जगापुढे नेली. चिंचणी-वाणगाव भागात घरोघरी चालणाऱ्या डायमेकिंगच्या धंद्यात कारागीर पोलादी ठशांवर दागिन्यांची नक्षी कोरतात; तेथे बोटाच्या टोकाची जाणीव हेच भांडवल. आमच्या वर्गांत बसणाऱ्या अनेक मुलांचे पालक वसाहतीत पाळीने जातात. 'हातावर पोट असणे' हा वाक्प्रचार त्यांना समजावून द्यावा लागत नाही.

हाताची किंमत कायद्यानेही ठरवली आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात अवयवांची एक यादी होती आणि प्रत्येकापुढे कमावण्याची शक्ती किती टक्क्यांनी घटली तो आकडा. अंगठा गेला तर ३०, तर्जनी १४, मधले बोट १२, करंगळी ७. दोन्ही हात गेले तर १००. हा कायदा पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. गद्याचा नमुना म्हणून ती यादी आम्हांला नेहमीच अस्वस्थ करत आली आहे. तिच्यात एकही विशेषण नाही, आणि माणूस शेवटच्या टक्क्यापर्यंत मोजलेला आहे.

अशा माणसाला पूर्ण भूल देण्यातल्या अडचणी तज्ज्ञांना ठाऊक असतात. अपघात वेळ पाहून होत नाही. पाळीच्या मध्यात, नुकताच डबा खाल्लेला माणूस येतो आणि भरल्या पोटी भूल दिली तर अन्न श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. वायू किंवा धूर छातीत गेलेला असेल तर श्वास आधीच दुबळा असतो. आजची पूर्ण भूल अतिशय सुरक्षित झाली आहे, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. मात्र ती सुरक्षितता मागे उभ्या असलेल्या यंत्रांवर, अतिदक्षता विभागावर आणि माणसांवर अवलंबून असते. त्या सोयींसाठी इथला रुग्ण मुंबईकडे, डहाणू-तलासरीचा सिल्वासा-वलसाडकडे, जव्हार-मोखाड्याचा नाशिककडे पाठवायचा, ही या भागाची जुनी वहिवाट आहे. जखमी बोटांना जोडण्यासाठी जे तास मोलाचे, ते रस्त्यात जातात.

पुन्हा डोळ्यांनी

हॉल्स्टेडनंतर शंभर वर्षांनी चेतातंतू पुन्हा डोळ्यांनी दिसू लागले. ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी १९५८ मध्ये ध्वनिलहरींनी गर्भ पाहण्याची वाट दाखवली होती. १९७८ मध्ये ला ग्रेंज आणि सहकाऱ्यांनी ध्वनिलहरींच्या आधारे रक्तवाहिनी शोधून, तिच्या खुणेने हात बधिर केला. १९९४ मध्ये व्हिएन्नाच्या श्टेफान काप्राल यांनी प्रत्यक्ष चित्र पाहत गळपट्टीवरून सुई नेली. कोलरचे गाव तेच. आज उच्च कंप्रतेचा चपटा प्रोब गळपट्टीच्या हाडामागे ठेवला की पडद्यावर काळ्या, धडधडणाऱ्या रोहिणीशेजारी द्राक्षांच्या घोसासारखे बाहुजाल दिसते. खाली बरगडीची पांढरी रेघ आणि फुप्फुसाची हलती कडा. सुई कोठे आहे ते दिसते, औषध तंतूभोवती पसरताना दिसते.

दिसू लागल्यामुळे दोन हातांचे गणित बदलले. तंतूला वेढण्यापुरतेच औषध सोडायचे असल्याने एका हाताचे काम दहा-पंधरा मिलिलिटरमध्येही होऊ शकते. दोन्ही हात एका माणसाच्या मर्यादेत बसू शकतात. श्वासपटलाची नस मानेपाशी असते, म्हणून निदान एका बाजूला तरी मान सोडून खाली उतरायचे, गळपट्टीखाली किंवा काखेत, आणि तेथे तंतू गाठायचे. दोन्ही इंजेक्शनांमध्ये वेळ सोडायचा, म्हणजे रक्तातली मात्रा एकदम चढत नाही. त्याच प्रोबने श्वासपटल हलते आहे ना, हेही पाहता येते. पुण्याच्या संचेती हॉस्पिटलमधील डॉ. संदीप दिवाण, कोइम्बतूरच्या गंगा हॉस्पिटलमधील तज्ज्ञ अशा मंडळींनी हे शास्त्र भारतात लिहून आणि शिकवून पसरवले आहे. सावधगिरी अर्थात संपलेली नाही. ज्याची फुप्फुसे आधीच अधू आहेत, ज्याचे वजन फार कमी आहे, त्याच्या बाबतीत दोन्ही हातांचा मोह टाळावाच लागतो. पडदा दाखवतो ते पाहणाऱ्याला ओळखता आले पाहिजे, हेही तितकेच खरे.

येथे महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाचा एक धागा या कथेत गुंततो. चेतातंतू दाखवणारे यंत्र गर्भही दाखवते. गर्भलिंगनिदानाविरुद्ध मुंबईत उभ्या राहिलेल्या चळवळीमुळे महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशातला पहिला कायदा केला. १९९४ चा केंद्रीय कायदा १९९६ पासून लागू झाला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. त्यामुळे सोनोग्राफीचे प्रत्येक यंत्र, मग ते भूलतज्ज्ञाचे का असेना, नोंदणीच्या आणि देखरेखीच्या कक्षेत आले. २०१२ च्या नियमदुरुस्तीने सहज उचलून नेता येणाऱ्या यंत्रांच्या ने-आणीवर निर्बंध आणले. लहान गावातला भूलतज्ज्ञ बहुधा फिरता असतो. सकाळी एका नर्सिंग होममध्ये, दुपारी दुसऱ्यात. तो आपले कसब बरोबर नेऊ शकतो, यंत्र नेऊ शकत नाही. आम्ही या कायद्याच्या बाजूचे आहोत. राज्यातले सहा वर्षांखालील मुलींचे प्रमाण दर हजार मुलांमागे २००१ मधील ९१३ वरून २०११ मध्ये ८९४ वर घसरले, हे आकडे विसरता येत नाहीत. एका अन्यायाला बांध घालताना दुसऱ्या गरजेची वाट अरुंद झाली. तिची जबाबदारी यंत्राचा गैरवापर करणाऱ्यांवर जाते, आणि किंमत मोजणाऱ्यांत बोईसरचा एखादा कामगारही असतो.

जागा असलेला माणूस

पडद्यावर तंतू दिसू लागल्यावर सुईला रुग्णाच्या शब्दाची गरज उरली नाही. 'मुंग्या आल्या का?' हा प्रश्न इतिहासजमा होत चालला आहे. पण त्याच तंत्राने रुग्णाला शस्त्रक्रियाभर जागे ठेवले आहे, म्हणजे त्याचा शब्द दुसऱ्या अर्थाने परत आला आहे. दोन्ही हात जायबंदी झालेला माणूस संमतीच्या कागदावर सही करू शकत नाही, अंगठाही उठवू शकत नाही. साक्षर आणि निरक्षर यांच्यातला कागदोपत्री भेदच तेथे पुसला जातो. त्याच्यापाशी उरतो तो तोंडी होकार किंवा नकार. बोट वाचवायचे की काढायचे, हा निर्णय कधी कधी टेबलावरच घ्यावा लागतो. भुलीत गेलेल्या माणसाचा निर्णय त्या वेळी दुसऱ्याला घ्यावा लागतो. फक्त हात बधिर असलेला माणूस स्वतः विचारू शकतो, ऐकू शकतो, नाही म्हणू शकतो. मात्र त्यासाठी त्याला समजेल अशा भाषेत कोणीतरी बोलले पाहिजे, आणि ज्याला जागे राहून काही पाहायचे-ऐकायचे नाही, त्याला भूल मागण्याची मुभाही असली पाहिजे. जागेपणा लादला तर तोही जाच होतो.

साहित्याच्या अभ्यासकांचा या इतिहासाशी संबंध येतो तो येथे. ज्याला आपण रुग्णाचे कथन म्हणतो, ते शक्य होण्यासाठी कथन करणारा त्या प्रसंगी हजर असावा लागतो. भुलीच्या वाटेने गेलेल्या माणसाच्या गोष्टीत मध्यभागी एक पोकळी असते. ती इतरांनी सांगितलेल्या माहितीने भरायची. बधिरतेच्या वाटेने गेलेला माणूस आपल्या हातांचे काय झाले ते स्वतः सांगू शकतो. दीडशे वर्षांच्या प्रयत्नांनी ही शक्यता एका हातापासून दोन हातांपर्यंत आली आहे.

शस्त्रक्रिया संपल्यावरचे कित्येक तास या कथेत सहसा कोणी मोजत नाही. वेदना नसते, आणि दोन्ही हातही नसतात. पाण्याचा पेला उचलता येत नाही, चेहऱ्यावरची माशी हाकलता येत नाही, फोन कानाला लावता येत नाही, लघवीला जाताना नाडी सोडता येत नाही. बधिर हाताला चटका बसला तर कळतही नाही, म्हणून ते हात जपायला दुसरे कोणी लागते. ज्याचे घर पालघरला आहे त्याची आई किंवा बायको उशाशी बसते. खोलीवर सहा जणांत राहणाऱ्या परप्रांतीय कामगाराचे सोबती पाळीवर गेलेले असतात. या पद्धतीचा विस्तार आपल्याकडे करायचा तर यंत्र, औषध आणि तज्ज्ञ यांच्या बरोबरीने त्या रात्रीपुरते दोन हात उसने देणाऱ्या माणसाचीही तजवीज रुग्णालयाच्या हिशेबात धरली पाहिजे.